पाच वर्षांचे काम, दहा मिनिटांची वेळ : साताऱ्यातील माध्यम-संशोधन परिषदेचे परीक्षण

संज्ञापन (कम्युनिकेशन) आणि माध्यम अभ्यास या विषयात पीएच.डी. करणाऱ्या विद्यार्थ्यांनी आपले संशोधन खुल्या सभागृहात मांडावे, या हेतूने साताऱ्यातील एका महाविद्यालयाने अलीकडेच दोन दिवसांची परिषद भरवली होती. शोधनिबंध वाचणाऱ्यांसाठी एक आणि केवळ ऐकायला येणाऱ्यांसाठी त्याहून कमी, असे नोंदणी शुल्क होते; त्यात दोन्ही दिवसांचा चहा-नाश्ता, दुपारचे जेवण, कागदपत्रांची पिशवी आणि शेवटी प्रमाणपत्र यांचा समावेश होता. वृत्तपत्राच्या संपादकीय विभागात बराच काळ काम केलेला माणूस म्हणून मी श्रोता या नात्याने नाव नोंदवले आणि दोन्ही दिवस शेवटपर्यंत बसलो. पैसे देऊन घेतलेली ही एक सेवा आहे, तेव्हा तिचे परीक्षण व्हायला हवे आणि ते संशोधकांचे कौतुक व आयोजकांचे आभार एवढ्यावर थांबू नये, असे मला वाटते. माझे मत आधीच सांगतो. तिथे ऐकायला मिळालेले काम शुल्काच्या कितीतरी पट मोलाचे होते. पण ज्या गोष्टीसाठी संशोधकाने अशा ठिकाणी यावे, त्या गोष्टीला, म्हणजे जाणत्या श्रोत्यांच्या प्रश्नांना, आयोजनात सर्वांत कमी जागा ठेवलेली होती.

पहिल्या दिवशी दीपप्रज्वलन, स्वागतगीत, पाहुण्यांचा परिचय, शाल-श्रीफळ देऊन सत्कार आणि त्यानंतर बीजभाषण असा क्रम होता. बीजभाषण अभ्यासपूर्ण होते, त्याबद्दल तक्रार नाही. मात्र सत्कारांची यादी मोठी असल्याने उद्घाटनाचे सत्र तासाभराहून अधिक लांबले, आणि हा वेळ भरून काढण्यासाठी सादरीकरणांना कात्री लागली. माहितीपत्रकात प्रत्येक संशोधकाला मांडणीसाठी पंधरा मिनिटे आणि प्रश्नोत्तरांसाठी पाच मिनिटे असे स्पष्ट छापले होते. प्रत्यक्षात सत्राध्यक्षांनी आरंभीच दहा मिनिटांची मर्यादा जाहीर केली, प्रश्न सर्व निबंध झाल्यावर एकत्र घेऊ असे सांगितले, आणि सर्व निबंध होईपर्यंत जेवणाची वेळ झाली. मांडणाऱ्यांपैकी अनेकांनी ठरवून आणलेली पंधरा मिनिटांची मांडणी तशीच सुरू केली. प्रस्तावना, व्याख्या आणि पूर्वसंशोधनाचा आढावा यांत सहा-सात मिनिटे गेली, आणि चार-पाच वर्षे खपून हाती आलेल्या निष्कर्षांच्या स्लाइड शेवटच्या मिनिटात भराभर पुढे सरकवाव्या लागल्या. आयत्या वेळी वेळ कापला जातो तेव्हा सर्वांत आधी निष्कर्ष कापले जातात, हे आयोजकांच्या ध्यानात यायला हवे होते.

पूर्वी अशा परिषदांना येण्यामागे नियमाची सक्ती होती. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१६ च्या नियमावलीनुसार प्रबंध सादर करण्यापूर्वी किमान एक निबंध तज्ज्ञांकडून तपासून घेणाऱ्या (रेफरीड) नियतकालिकात प्रसिद्ध करणे आणि परिषदांमध्ये दोन निबंध वाचणे आवश्यक होते. नोव्हेंबर २०२२ मध्ये आलेल्या नियमावलीत ही अट राहिलेली नाही. संशोधन सल्लागार समितीपुढे प्रत्येक सत्रात प्रगती मांडणे आणि प्रबंध देण्यापूर्वीचे सादरीकरण करणे, हे मात्र आजही करावे लागते. म्हणजे विषयातले तज्ज्ञ प्राध्यापक संशोधकाला आपल्या विद्यापीठात भेटतातच. मग साताऱ्यापर्यंत येऊन त्याला वेगळे काय मिळावे? या सभागृहात असे लोक बसलेले होते, जे कोणत्याही सल्लागार समितीवर नसतात: तालुक्याचे बातमीदार, वृत्तपत्र विक्रेते, आकाशवाणीवर हंगामी निवेदन करणाऱ्या स्त्रिया, पूर पाहिलेले शेतकरी, निवृत्त ग्रंथपाल. माध्यम अभ्यासात ज्यांच्याविषयी लिहिले जाते तीच माणसे समोर बसलेली असणे, ही या परिषदेची खरी श्रीमंती होती, आणि जिथे जिथे त्यांना बोलायला मिळाले तिथे तिथे संशोधन एक पाऊल पुढे गेलेले मी पाहिले.

माझ्या मते सर्वांत चांगले सादरीकरण कृष्णाकाठच्या पुरात माहिती कशी पोहोचते, या विषयावरचे होते. संशोधक विद्यार्थिनी सांगली जिल्ह्यातली, आणि ऑगस्ट २०१९ व जुलै २०२१ या दोन महापुरांवर तिचे काम चालू आहे. सांगलीत आयर्विन पुलाजवळची पातळी ४० फुटांवर गेली की इशारा आणि ४५ फुटांवर गेली की धोका, हे तिथल्या शाळकरी मुलांनाही पाठ असते. २०१९ मध्ये हीच पातळी ५७ फुटांच्या पुढे गेली होती. कोयना धरणातून सोडलेले पाणी कराडला कृष्णेत मिसळून सांगलीपर्यंत यायला बरेच तास लागतात, पण किती क्युसेक पाणी सोडले याचा संदेश मोबाइलवर क्षणात येतो. या मधल्या तासांत लोक काय करतात, कोणाचे ऐकतात आणि घर कधी सोडतात, हा तिचा प्रश्न. प्रश्नच इतका नेमका होता की सभागृह पहिल्याच मिनिटाला सावरून बसले.

या विद्यार्थिनीने सिद्धान्ताचा उपयोगही जाणतेपणाने केला. पॉल लाझार्सफेल्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९४० साली अमेरिकेतील ओहायो राज्याच्या इरी परगण्यात मतदारांचा अभ्यास केला आणि त्यातून द्विस्तरीय प्रवाहाची कल्पना पुढे आली: माध्यमातली माहिती आधी काही जाणत्या माणसांपर्यंत जाते आणि त्यांच्याकडून इतरांपर्यंत झिरपते. बहुतेक प्रबंधांत ही कल्पना एका परिच्छेदात सांगितली जाते आणि पुढे तिचा पत्ता नसतो. इथे मात्र संशोधिकेने विचारले की नदीकाठच्या गावात हा जाणता माणूस कोण? सरपंच किंवा तलाठी असे उत्तर गृहीत न धरता ती लोकांशी बोलत गेली, आणि तिच्या नोंदींत वारंवार आले ते नदीवरच्या मोटारी. शेतकरी आपले पंप पाण्याबाहेर काढू लागले की बाकीचे समजतात, पाणी चढणार. संदेश कोणी शब्दांत दिलेला नसतो, तरी तो पोहोचतो आणि त्यावर विश्वास बसतो, कारण मोटार काढण्याचे कष्ट कोणी उगाच घेत नाही. संज्ञापनाच्या अभ्यासात कृतीलाही संदेश मानले पाहिजे, हे तिने पुस्तकी भाषा न वापरता या एका उदाहरणातून दाखवले.

तिच्या सत्रात सुदैवाने प्रश्नांसाठी थोडा वेळ उरला होता. पलूस तालुक्यातून आलेल्या एका गृहस्थांनी विचारले की घर सोडायचे ठरवताना गोठ्यातल्या जनावरांचा विचार आधी होतो, तो तुमच्या प्रश्नावलीत कुठे आहे. चारा आणि जनावरांची सोय कुठे केली आहे हे समजल्याशिवाय माणसे हलत नाहीत, मग इशारा कितीही वेळेवर मिळालेला असो. एका शिक्षिकेने विचारले की घरात मोबाइल पुरुषाच्या हाती असतो, तेव्हा संदेश घरात आला आणि घरातल्या बाईला कळला या दोन गोष्टी तुम्ही वेगळ्या मोजल्या का. संशोधिकेने दोन्ही प्रश्न वहीत लिहून घेतले, पहिल्याला आपल्याकडे पुरेशी माहिती नाही असे सरळ सांगितले आणि दुसऱ्याविषयी आपल्या मुलाखतींतून जे हाती आले ते मांडले. दहा मिनिटांच्या मांडणीला आठ मिनिटांचे प्रश्न, हे प्रमाण त्या एका सत्रात आपोआप साधले गेले. ते सगळीकडे साधावे अशी रचना करणे अवघड नव्हते.

याच्या उलट अनुभव समाजमाध्यमे आणि युवक या विषयावरच्या निबंधांचा. असे निबंध एकाहून अधिक होते आणि त्यांची घडण जवळपास सारखी होती. गूगल फॉर्म तयार करायचा, तो महाविद्यालयाच्या व्हॉट्सॲप गटांवर पाठवायचा, ३८४ प्रतिसाद जमले की फॉर्म बंद करायचा आणि टक्केवारीचे आलेख दाखवायचे. ३८४ हा आकडा रॉबर्ट क्रेजसी आणि डॅरिल मॉर्गन यांनी १९७० मध्ये प्रसिद्ध केलेल्या तक्त्यातून येतो; लोकसंख्या दहा लाखांच्या घरात असेल तर ९५ टक्के विश्वासपातळी (शंभरांतल्या ९५ वेळा अंदाज ठरलेल्या मर्यादेत यावा) आणि ५ टक्के त्रुटी (अंदाज पाच टक्क्यांपर्यंत इकडेतिकडे चालेल) धरून एवढा नमुना पुरतो, असे तो तक्ता सांगतो. हिशेब सोपा आहे: ९५ टक्के विश्वासपातळीसाठी ठरलेल्या १.९६ या आकड्याचा वर्ग, गुणिले ०.५ गुणिले ०.५ (निम्मे लोक होय म्हणतील असे धरून), भागिले ०.०५ चा वर्ग, म्हणजे ३८४.१६. पण हा हिशेब एका अटीवर उभा आहे. लोकसंख्येतल्या प्रत्येकाला नमुन्यात येण्याची ठाऊक असलेली संधी हवी, म्हणजे निवड यादृच्छिक हवी. गटावर पाठवलेला दुवा ज्याला वेळ आहे, ज्याच्याकडे डेटा आहे आणि जो पाठवणाऱ्याला ओळखतो, तोच भरतो. अशा ३८४ जणांवरून सातारा जिल्ह्यातील युवकांविषयी विधान करता येत नाही. ३,८४० जणांनी भरला असता तरी करता आले नसते.

मला याचे वाईट वाटते ते संशोधकांवर रोष म्हणून नव्हे. या मुलांनी कष्ट घेतले होते, सारण्या नीट केल्या होत्या आणि प्रामाणिकपणे मांडल्या होत्या. हा आकडा त्यांना मार्गदर्शकांकडून मिळाला, मार्गदर्शकांना आधीच्या प्रबंधांतून मिळाला, आणि शोधगंगा या प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहात शोधले तर तो आणखी किती प्रबंधांत सापडेल याची कल्पना येते. अशा वेळी सत्राध्यक्षाने एक प्रश्न विचारणे पुरेसे असते: ही माणसे तुम्ही कशी निवडलीत? मी ज्या सत्रांत बसलो त्यांत तो विचारला गेला नाही. सत्राध्यक्षांनी प्रत्येक निबंधानंतर विषय महत्त्वाचा आणि प्रयत्न स्तुत्य असल्याचे सांगितले. तीन महाविद्यालयांतल्या, स्वतःहून उत्तर देणाऱ्या विद्यार्थ्यांपुरतेच हे निष्कर्ष लागू आहेत, एवढे एक वाक्य जोडले असते तर तेच निबंध विश्वासार्ह झाले असते, आणि ते वाक्य जोडायला शिकवणे हे अशा परिषदेचे कामच आहे.

आपल्या भागात यापेक्षा काटेकोर काम फार पूर्वी होऊन गेलेले आहे, म्हणून ही खंत अधिक. १९५६ साली पुणे आकाशवाणीने युनेस्कोच्या साहाय्याने शेतकरी श्रोता मंडळांचा प्रयोग केला. सुमारे १५० मराठी भाषक खेड्यांत मंडळे बनवली, शेती आणि ग्रामविकासावरचे वीस कार्यक्रम त्यांना ऐकवले, कार्यक्रमानंतर गटात चर्चा घडवली आणि मंडळांचे प्रश्न केंद्राकडे परत मागवले. टाटा समाजविज्ञान संस्थेने त्याचे मूल्यमापन केले, ते पॉल न्यूरॅथ यांच्या देखरेखीखाली. मंडळ असलेली गावे, रेडिओ असूनही मंडळ नसलेली गावे आणि रेडिओच नसलेली गावे यांची तुलना त्यात होती. लोकांना आधी काय ठाऊक होते आणि नंतर काय, हेही तपासले होते. केवळ ऐकण्यापेक्षा ऐकून चर्चा केल्याने ज्ञान अधिक वाढते, हे त्यातून दिसले. संपूर्ण परिषदेत या प्रयोगाचा उल्लेख मी एकदाच ऐकला, तोही ओझरता. अमेरिकेतल्या संज्ञापनाच्या प्रत्येक प्रारूपाची (मॉडेलची) आकृती स्लाइडवर असते आणि पुण्याहून घडलेले हे काम संदर्भातही नसते, याकडे मार्गदर्शकांनी लक्ष द्यायला हवे.

वृत्तपत्रांच्या आशयविश्लेषणावरचे, म्हणजे छापलेल्या मजकुराची वर्गवारी आणि मोजणी करण्यावरचे, एक सादरीकरण माझ्या जुन्या व्यवसायाशी जोडलेले असल्याने मी ते अधिक बारकाईने ऐकले. जिल्हा आवृत्त्यांच्या पहिल्या पानावर दुष्काळी तालुक्यांच्या पाणीप्रश्नाला किती जागा मिळते, हा विषय; सातारा जिल्ह्यातले माण आणि खटाव हे तालुके, आणि आधार विषयपत्रिका-निर्धारण (अजेंडा सेटिंग) सिद्धान्ताचा, म्हणजे लोकांनी कशाचा विचार करायचा ते विषय माध्यमे ठरवतात या कल्पनेचा. मॅक्सवेल मॅकोम्ब्स आणि डोनाल्ड शॉ यांनी १९६८ च्या अध्यक्षीय निवडणुकीच्या वेळी चॅपल हिल येथे अजून मत न ठरवलेल्या १०० मतदारांशी बोलून, माध्यमे ज्या विषयांना महत्त्व देतात तेच मतदारांनाही महत्त्वाचे वाटतात का, हे ताडून पाहिले आणि १९७२ मध्ये ते प्रसिद्ध केले. म्हणजे त्या अभ्यासाला दोन बाजू होत्या: एकीकडे माध्यमांचा आशय आणि दुसरीकडे लोकांचे म्हणणे. आमच्या संशोधकाने पहिली बाजू मेहनतीने मोजली होती, दुसरी घेतलीच नव्हती. वाचकांशी न बोलता विषयपत्रिका ठरली असे म्हणता येणार नाही, हे कोणीतरी त्याला वेळीच सांगायला हवे होते. शिवाय बातम्यांचे वर्गीकरण त्याने एकट्याने केले होते. दुसऱ्या व्यक्तीकडून त्यातल्या काही बातम्यांचे स्वतंत्र वर्गीकरण करून घ्यावे आणि दोघांचे किती जुळते ते जेकब कोहेन यांच्या १९६० च्या कप्पा गुणांकासारख्या मापाने सांगावे, ही आशयविश्लेषणातली साधी अपेक्षा आहे.

पण या सत्रात जे घडले त्याने मला फार समाधान दिले. मागच्या रांगेतून दहिवडीकडच्या एका बातमीदाराने हात वर केला आणि संशोधकाला विचारले की पहिल्या पानाची मांडणी जिल्हा कार्यालयात होते की मुख्यालयात, हे तुम्ही पाहिले का. काही वृत्तपत्रांत पहिल्या पानाचा मोठा भाग मुख्यालयातून तयार येतो, उरलेल्या जागेत जाहिरात किती आहे यावर जिल्ह्याच्या बातमीचे भवितव्य ठरते, आणि संध्याकाळी उशिरा पाठवलेली टँकरची बातमी चांगली असूनही आतल्या पानावर जाते, कारण ते पान छपाईला उशिरा सोडले जाते, असे त्याने समजावून सांगितले. संशोधकाने जागेच्या मोजमापावरून संपादकाच्या अग्रक्रमाविषयी निष्कर्ष काढला होता. त्यात पानाच्या वेळापत्रकाचाही वाटा आहे, हे त्याला तिथे प्रथम कळले. तो म्हणाला की आता मी पाने लावणाऱ्यांच्या मुलाखती घेईन. एका प्रबंधाचा एक नवा भाग त्या पाच मिनिटांत ठरला. दुर्दैवाने सत्राध्यक्षांनी लगेच वेळ संपल्याची आठवण करून दिली आणि आणखी दोन वर उचललेले हात खाली गेले.

रेडिओवरील निबंधाची व्यवस्थेने फार उपेक्षा केली. सामुदायिक रेडिओचे, म्हणजे एखाद्या भागातल्या लोकांसाठी चालवल्या जाणाऱ्या छोट्या स्थानिक केंद्रांचे, धोरण २००२ मध्ये शैक्षणिक संस्थांपुरते होते आणि २००६ मध्ये ते स्वयंसेवी संस्थांसाठी खुले झाले. त्यानंतर २००८ मध्ये म्हसवडला माणदेशी तरंग वाहिनी सुरू झाली आणि दुष्काळी माणदेशातल्या स्त्रियांचा आवाज प्रक्षेपणात आला. अशा केंद्रांच्या श्रोत्या रेडिओ ऐकताना दुसरे काम करत असतात, म्हणून रोज किती मिनिटे ऐकता हा प्रश्न त्यांना विचारून काही हाती लागत नाही, त्यांच्याबरोबर बसूनच ऐकावे लागते, ही या संशोधिकेची पद्धतीविषयीची भूमिका मला पटली. तिने कार्यक्रमांचे तुकडे ऐकवण्यासाठी आणले होते, पण सभागृहातल्या संगणकाला ध्वनिक्षेपक जोडलेला नव्हता. तिने मोबाइल माइकपुढे धरून ऐकवण्याचा प्रयत्न केला आणि शेवटी सोडून दिला. माध्यम अभ्यासाच्या परिषदेत ध्वनी आणि चित्रफीत दाखवण्याची सोय ही पहिली गरज आहे, कारण तेच संशोधनाचे साहित्य असते.

जोतीराव फुले यांच्या सत्यशोधक समाजाचे विचार लोकनाट्यातून पोहोचवणाऱ्या सत्यशोधक जलशांवरचा एक निबंध आणि १९४३ ते १९४६ या काळातल्या प्रतिसरकारने खेडोपाडी संदेश कसा पोहोचवला यावरचा दुसरा, हे दोन्ही ऐतिहासिक निबंध विषयाच्या निवडीमुळे इथल्या मातीशी थेट जोडलेले होते. फुले यांच्या घराण्याचे मूळ गाव कटगुण खटाव तालुक्यातले, आणि प्रतिसरकारचे नेते क्रांतिसिंह नाना पाटील यांच्या सभांच्या आठवणी वाळवा-पलूसकडे आजही घराघरांत सांगितल्या जातात. दोन्ही संशोधकांनी अप्रकाशित कागद आणि वृद्धांच्या मुलाखती यांवर भर दिला, हे चांगले झाले. त्यांना मिळालेला वेळ मात्र इतका अपुरा होता की अधिक काही लिहिणे त्यांच्यावर अन्याय ठरेल.

एका गोष्टीविषयी मात्र स्पष्ट लिहिले पाहिजे. अफवांवरच्या एका सादरीकरणात खासगी व्हॉट्सॲप गटांतल्या संदेशांची छायाचित्रे पडद्यावर दाखवली गेली, आणि त्यांत लिहिणाऱ्यांची नावे व मोबाइल क्रमांक जसेच्या तसे दिसत होते. सभागृहातले अनेकजण त्याच वेळी पडद्याचे फोटो काढत होते. त्या गटातल्या माणसांनी आपला संदेश एके दिवशी शंभर अनोळखी लोकांपुढे येईल, अशी कल्पनाही केली नसेल. संमती घेणे, नाव आणि क्रमांक झाकणे, मजकुराचा आशय तेवढा ठेवणे, या गोष्टी संशोधनाच्या पहिल्या वर्षातल्या अभ्यासक्रमातच शिकवल्या जातात. संशोधकाचे वय आणि अनुभव पाहता त्याला दोष देऊन मी थांबणार नाही. सारांश स्वीकारताना आयोजकांनी संमतीविषयी एक रकाना ठेवला असता आणि स्लाइड आदल्या दिवशी मागवून पाहिल्या असत्या, तर हे टळले असते.

स्लाइड आधी मागवण्याचा आणखी एक फायदा झाला असता. जुन्या पद्धतीच्या फॉन्टमध्ये टंकलेला मराठी मजकूर तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर वाचता येत नाही, आणि दोन संशोधकांच्या बाबतीत पडद्यावर अगम्य चिन्हांच्या ओळी उमटल्या. युनिकोडमध्ये टंकलेला किंवा पीडीएफ करून आणलेला मजकूर कुठेही उघडतो. हे सर्वांना ठाऊक असायला हवे हे खरे, पण माहितीपत्रकात दोन ओळी छापल्या असत्या तर त्या दोघांची दहा मिनिटे वाया गेली नसती. ज्यांनी संपूर्ण मांडणी मराठीत केली त्यांच्या सत्रांत श्रोते अधिक बोलले, हेही मी नोंदवतो. इंग्रजी स्लाइड वाचून दाखवत मधूनमधून मराठीत समजावण्याची पद्धत अनेकांनी वापरली, त्यात ना वाचणे नीट झाले ना समजावणे.

दुसऱ्या दिवशी दुपारी व्हरांड्यात भित्तिपत्रकांचे (पोस्टरचे) सत्र होते आणि संपूर्ण परिषदेत सर्वांत चांगली व्यवस्था तिथली होती, कदाचित तिच्यावर कोणी फारसे लक्ष दिले नव्हते म्हणून. पहिल्या-दुसऱ्या वर्षातले संशोधक आपापल्या भित्तिपत्रकाशेजारी उभे होते, श्रोते चहाचा कप घेऊन फिरत होते, आणि कोणत्याही घंटेचा धाक नव्हता. यूट्यूबवर गावपातळीवरच्या बातम्या देणाऱ्यांच्या उत्पन्नाविषयी एक तरुण काम सुरू करत आहे. त्याच्यापुढे अशाच वाहिन्या चालवणारे तिघे उभे राहून आपापला खर्च सांगत होते आणि तो लिहून घेत होता. ग्रामीण भागातल्या कीर्तनाच्या चित्रफितींवर काम करणाऱ्या विद्यार्थिनीला एका वारकरी गृहस्थांनी, चित्रीकरण होत असताना कीर्तनकार श्रोत्यांकडे पाहतो की कॅमेऱ्याकडे, हे मोजायला सुचवले. असा प्रश्न पुस्तकातून सुचत नाही. संशोधनाची दिशा अजून पक्की झालेली नसताना मिळालेली सूचना उपयोगी पडते. प्रबंध बांधणीला गेल्यावर ती फक्त ऐकून घेता येते. म्हणून भित्तिपत्रकांचे सत्र पहिल्या दिवशी सकाळी ठेवावे आणि उद्घाटनाचा समारंभ अर्ध्या तासात आटोपावा, अशी माझी आयोजकांना आग्रहाची विनंती आहे.

इतर व्यवस्थेविषयी थोडक्यात. पोहे आणि उपीट गरम होते, दुपारचे जेवण साधे आणि पोटभर होते, पिण्याच्या पाण्याची सोय ठिकठिकाणी होती. स्वयंसेवक विद्यार्थी अत्यंत तत्पर होते. पोवई नाक्यावरून येणाऱ्यांना रस्ता सांगण्यापासून ज्येष्ठांना जिन्यावर हात देण्यापर्यंत त्यांनी सर्व केले. मुख्य सभागृह वरच्या मजल्यावर आहे आणि लिफ्ट नाही, हे नोंदणीच्या वेळीच सांगायला हवे. समांतर सत्रे ज्या वर्गखोल्यांत झाली त्यांपैकी एकीत प्रकाश इतका येत होता की पडदा दिसत नव्हता. निबंधांचे पुस्तक परिषदेत मिळेल असे कळवले होते, प्रत्यक्षात ते नंतर पीडीएफ स्वरूपात पाठवू असे सांगण्यात आले, आणि हे लिहीपर्यंत ते आलेले नाही. समारोपात प्रमाणपत्रांचे वाटप नावे पुकारून झाले. त्याला लागलेल्या वेळेत राहिलेले सर्व प्रश्न विचारून झाले असते.

पुढच्या वर्षी निबंध वाचण्याचा विचार करणाऱ्यांना काही व्यावहारिक गोष्टी सांगतो. सात मिनिटांची मांडणी तयार ठेवा आणि पहिल्या मिनिटात आपला प्रश्न व आपले उत्तर दोन्ही सांगून टाका, म्हणजे वेळ कापला गेला तरी मुख्य गोष्ट श्रोत्यांपर्यंत गेलेली असेल. नमुना कसा निवडला याची एक स्लाइड स्वतंत्र ठेवा. स्लाइड पीडीएफमध्ये आणा, ध्वनी ऐकवायचा असेल तर स्वतःचा छोटा स्पीकर बरोबर ठेवा, आणि मुलाखती दिलेल्यांची नावे व क्रमांक झाकल्याची खात्री घरूनच करून निघा. श्रोता म्हणून येणाऱ्यांनी एकाच खोलीत दिवसभर बसू नये. कार्यक्रमपत्रिकेत विषय पाहून सत्र निवडावे, प्रश्न कागदावर लिहून ठेवावा, आणि सत्रात विचारता आला नाही तर चहाच्या वेळी संशोधकाला गाठून विचारावा. ज्या संशोधकांना मी असे गाठले, त्यांनी आनंदाने वेळ दिला, आणि त्यांपैकी दोघांनी आपली प्रश्नावली सुधारण्यासाठी मला पाठवून दिली आहे.